रविवार वगळून

1995 साली दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी विश्वचषकासाठी न्यूझीलंडचा संघ जाहीर झाला, तेव्हा त्यात मायकल जोन्सचं नाव नव्हतं. अडचण कॅलेंडरची होती. जोन्स रविवारी खेळत नसे. न्यूझीलंडने अंतिम सामना गाठला तर वाटेत एकूण सहा सामने होते आणि त्यांतले तीन रविवारी येत होते: गटातला जपानविरुद्धचा, मग उपांत्यपूर्व, मग उपांत्य. निम्म्या सामन्यांना हजर नसणारा खेळाडू इतक्या लांब नेण्यात अर्थ नाही, असं निवड करणाऱ्यांनी ठरवलं. ही हकिगत सहसा दोनच पद्धतींनी सांगितली जाते. श्रद्धाळू लोक ती बलिदानाची कथा म्हणून सांगतात आणि त्यात निवड समिती कोत्या मनाची ठरते. रग्बीवेडे लोक ती हट्टाची कथा म्हणून सांगतात आणि त्यात एक अलौकिक खेळाडू आपल्या देवासाठी देशाला वाऱ्यावर सोडतो. मला दोन्ही कथा अपुऱ्या वाटतात. जोन्सने रविवार पाळला हे योग्य होतं आणि समितीने त्याला घरी ठेवलं हेही योग्यच होतं. जो नियम आपण एकट्याने देवाशी बांधून घेतो, त्याचा भार इतरांवर पडू लागला तर तो पाळण्याचा हक्क उरतो का, हा या प्रकरणातला खरा धार्मिक प्रश्न आहे. त्याचं उत्तर जोन्सच्या कारकिर्दीत बरंचसं सापडतं, पण सगळं सापडत नाही.

जोन्सचा जन्म 1965 चा, ऑकलंडचा, आई सामोआची. सामोआत 1830 साली लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन विल्यम्स उतरला आणि त्यानंतर ख्रिस्ती धर्म तिथल्या गावगाड्यात इतका मुरला, की आज देशाच्या राजचिन्हावरच सामोआचा पाया देव आहे असं लिहिलेलं आहे. तिथला रविवार म्हणजे चर्च, पांढरे कपडे, तापलेल्या दगडांवर शिजवलेलं घरचं मोठं जेवण आणि बाकी सारं बंद. ऑकलंडला स्थलांतरित झालेल्या सामोअन कुटुंबांनी हा रविवारही सोबत नेला. जोन्स 1986 मध्ये सामोआकडून एक कसोटी खेळला आणि पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या संघात, म्हणजे ऑल ब्लॅक्समध्ये आला. पहिल्यावहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना 22 मे 1987 रोजी ईडन पार्कवर इटलीशी झाला. पंचांनी दिलेली पेनल्टी ट्राय सोडली, तर विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली ट्राय त्याची. महिन्याभराने फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यातही त्याने ट्राय केली. मधला वेल्सविरुद्धचा उपांत्य सामना 14 जूनला ब्रिस्बेनमध्ये झाला. तो रविवार होता आणि जोन्स मैदानात नव्हता. न्यूझीलंड 49-6 असं जिंकलं, त्यामुळे त्या दिवशी कुणी फारसं काही विचारलं नाही.

प्रश्न उभा राहिला तो 1991 च्या विश्वचषकात. ट्विकनमला इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या सामन्यात न्यूझीलंडची एकमेव ट्राय जोन्सची होती. त्यानंतर इटलीविरुद्धचा, कॅनडाविरुद्धचा आणि डब्लिनमधला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य असे तीन सामने लागोपाठच्या तीन रविवारी आले, आणि तिन्हींत तो नव्हता. उपांत्य सामना न्यूझीलंड 6-16 हरलं. जोन्सची जागा ओपनसाइड फ्लँकरची. टॅकल होऊन चेंडू जमिनीवर आला, की त्या गर्दीत सर्वांत आधी पोहोचायचं, चेंडू आपल्याकडे वळवायचा किंवा निदान प्रतिस्पर्ध्याचा वेग मारायचा, हे त्या जागेचं काम. ही जागा कमकुवत झाली तर तिचा परिणाम पाठीमागच्या प्रत्येकाला भोगावा लागतो. त्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड कॅम्पिसीने स्वतः ट्राय केली आणि खांद्यावरून मागे फेकलेल्या पासवर टिम हॉरनला दुसरी करून दिली. जोन्स असता तर हे घडलं असतं का, यावर लोक अजून वाद घालतात. तो वाद सोडून द्यावा हे बरं. 1987 चा उपांत्य सामना त्याच्याविना त्रेचाळीस गुणांनी जिंकला गेला आणि 1995 मध्ये त्याच्याविनाच इंग्लंडला 45-29 असं हरवलं गेलं. एका माणसाच्या अनुपस्थितीवरून निकाल सिद्ध करता येत नाही. पण आक्षेपाचा जीव निकालात नाहीच. संघ जिंकला असता तरी विचारता येतं, की उरलेल्या चौदा जणांनी आपलं शरीर पणाला लावलं असताना तू कुठे होतास?

हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो का वजनदार आहे हे पाहायला कोकणाची मदत होते. अलिबागच्या आसपासच्या गावांत राहणारे बेने इस्रायली पिढ्यान् पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. शेजारपाजारचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ज्यू परंपरेतल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्याकडून सुटल्या होत्या. जे मोजकं टिकलं त्यात शनिवारचा विसावा होता. आता घाणा बंद ठेवणाऱ्याचं नुकसान मुख्यतः त्याचं स्वतःचं. गिऱ्हाईक शुक्रवारी तेल नेतं किंवा रविवारी येतं, बैल एक दिवस सुटा राहतो, आणि गावाला कधी काही अडत नाही. हे व्रत त्याने आपल्या मिळकतीतून फेडलं. फ्लँकरचं तसं नाही. तो एक दिवस थांबला की त्याच्या वाटचा मार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. पुण्य एकाचं आणि श्रम दुसऱ्याचे, असा हिशेब होऊ लागला तर कोणत्याही धर्माला तो मान्य होणार नाही, निदान होऊ नये.

म्हणूनच सामूहिक कामात व्रत पाळणाऱ्याला दोन अटी लागू होतात असं मला वाटतं. पहिली, नियम आधी सांगितलेला हवा, म्हणजे इतरांना आपली व्यवस्था करता येईल. दुसरी अट अधिक कठीण आहे. आपण नियम पाळणार, पण आपल्याला घ्यायचं की नाही हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार समूहाकडे ठेवायचा आणि त्यांनी नाही म्हटलं तर तक्रार करायची नाही. जोन्स पहिल्या अटीत उघडच बसतो. त्याचा रविवार सगळ्या न्यूझीलंडला ठाऊक होता. 1991 मध्ये त्याला नेणाऱ्यांनी पुढचे रविवार मोजूनच नेलं होतं. तेव्हा त्या तीन सामन्यांतली उणीव ही निवड करणाऱ्यांनी पत्करलेली जोखीम होती, जोन्सने केलेला दगा नव्हता. आणि 1995 मध्ये दुसऱ्या अटीची कसोटी झाली. प्रशिक्षक लॉरी मेन्सच्या संघाला ती जोखीम परवडत नव्हती. जोन्स घरी राहिला. अंतिम सामना 24 जूनला, शनिवारी झाला, म्हणजे तो खेळू शकला असता. न्यूझीलंड जादा वेळेत 12-15 असं हरलं. त्याच्या व्रताला पूर्णता आली ती इथे. 1987 आणि 1991 मध्ये त्याच्या नियमाची किंमत दुसऱ्यांनीही थोडीफार मोजली होती. 1995 मध्ये ती एकट्याच्या खात्यावर आली, आणि ती तशी आली ती निवड समितीच्या नकारामुळे. समितीने सवलत दिली असती, तर आपण आज त्याच्या व्रताबद्दल नाही, समितीच्या औदार्याबद्दल बोलत असतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. 1930-31 च्या हंगामात विजयानगरमच्या महाराजकुमारांनी आपल्या खासगी संघातून जॅक हॉब्जला हिंदुस्थानात आणलं. हॉब्जही धार्मिक कारणाने रविवारी खेळत नसे, म्हणून दौऱ्याचं वेळापत्रकच बदललं गेलं. हॉब्ज त्यामुळे लहान ठरत नाही. यजमान संस्थानी आणि पाहुणा जगातल्या सर्वांत नावाजलेल्या फलंदाजांपैकी एक, तेव्हा असंच होणार. पण जिथे दिवसच सरकवले जातात, तिथे नियम पाळणाऱ्याची परीक्षाच होत नाही. अमेरिकन बेसबॉलमधला सँडी कोफॅक्स या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. 6 ऑक्टोबर 1965 रोजी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी आला आणि या ज्यू गोलंदाजाने चेंडू टाकायला नकार दिला. त्याचा संघ 2-8 असा हरला. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली, तेव्हा दोनच दिवसांच्या विश्रांतीवर कोफॅक्सने प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव करू न देता ती जिंकून दिली. एका दिवसाचं ऋण दुसऱ्या दिवशी फेडायची संधी त्याला मिळाली. रग्बीच्या बाद फेरीत असा दुसरा दिवस नसतो.

आता खुद्द धर्माच्या बाजूने येणारा आक्षेप, जो मला संघनिष्ठेच्या आक्षेपापेक्षा जास्त रंजक वाटतो. बायबलमधला विसाव्याचा दिवस सातवा आहे, म्हणजे शनिवार. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून ख्रिस्ती लोकांनी मानला, आणि त्यावर शनिवारचे सारे निर्बंध चढवले ते प्रामुख्याने प्युरिटन आणि स्कॉटिश परंपरेने. 1646 च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात ते स्पष्ट शब्दांत आहेत. जोन्स शनिवारी मनसोक्त टॅकल करीत असे. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचा खेळाडू नेमका शनिवारी बसून राहील आणि रविवारी खेळेल. शिवाय स्वतः येशूने शब्बाथाच्या दिवशी रोग्यांना बरं केलं आणि हा दिवस माणसासाठी आहे, माणूस दिवसासाठी नाही, अशा आशयाचं उत्तर परूशांना दिलं. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, तर ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी असा सल्ला आहे. मग इतक्या डळमळीत पायावर विश्वचषक सोडण्यात शहाणपण कोणतं?

या आक्षेपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र तिच्यातून निघत नाही. कोणता दिवस पवित्र हे निसर्गात कुठे कोरलेलं नाही, हे मान्य. पण व्रताला तशा कोरीव पुराव्याची गरजही नसते. त्याला गरज असते ती एवढीच, की दिवस आपल्या सोयीने ठरलेला नसावा. एकादशी घरात लग्नाची पंगत आहे म्हणून द्वादशीला ढकलली, की उपास उरतो आणि एकादशी जाते. आठवड्यातला कोणताही एक दिवस मी विश्रांती घेईन, असा नियम जोन्सने केला असता, तर प्रत्येक मोठ्या सामन्याच्या आठवड्यात तो दिवस गुपचूप मंगळवारी सरकला असता आणि देवाला तो उरलासुरला मंगळवार मिळाला असता. ठरलेल्या दिवसाचं काम खेळाच्या मागणीला न जुमानता येऊन उभं राहणं हे आहे. आणि पौलाचा सल्ला नीट वाचला तर तो जोन्सच्या बाजूचाच आहे. सगळे दिवस सारखे मानणाऱ्याने रविवारी खेळावं. ज्याची खात्री वेगळी आहे त्याने खेळू नये. आणि दोघांनी एकमेकांचा न्याय करू नये. मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करणारे आणि रविवारी खेळणारे पॅसिफिक बेटांतले असंख्य खेळाडू जोन्सपेक्षा कमी श्रद्धावान होते असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि जोन्सच्या व्रतातून तसा दावा निघतही नाही.

शनिवारी समोरच्याला आडवं करायचं आणि रविवारी स्तोत्रं म्हणायची, ही विसंगती नाही का, असंही विचारलं गेलं आहे. या आक्षेपात फारसा दम नाही. नियमांच्या चौकटीत, दोन्ही बाजूंच्या संमतीने होणारी धडक आणि द्वेषातून केलेला प्रहार यांत फरक आहे. जोन्सच्या जबरदस्त टॅकलबद्दल तक्रार असलीच तर ती हाडांची आहे, नीतीची नाही.

सवलतीचा आक्षेप मात्र टाळता येत नाही. जोन्सला 1987 आणि 1991 मध्ये सांभाळून घेतलं गेलं, कारण तो असामान्य होता. मधल्या काळात, 1989 मध्ये गुडघा इतका वाईट दुखावला की कारकीर्द संपते की काय अशी वेळ आली. तरी तो परतला, पुढे फ्लँकरची बाजू बदलून खेळला आणि न्यूझीलंडसाठी 55 कसोटी खेळून 1998 मध्ये थांबला. सामान्य कुवतीच्या खेळाडूने हाच नियम सांगितला असता तर त्याला पहिल्याच आठवड्यात नारळ मिळाला असता, आणि त्याच्या व्रताचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलंच नसतं. हे खरं आहे. श्रद्धेच्या इतिहासात अशी किती अनाम माणसं असतील, ज्यांनी रविवारची पाळी नाकारली आणि नोकरी गमावली; त्यांच्यापुढे खेळाडूंचं कौतुक थोडं उथळ वाटतं. पण यावरून प्रतिभावंताने नियम सोडावा असं ठरत नाही. ठरतं एवढंच, की सवलत मिळत असतानाच्या वर्षांवरून त्याच्या निष्ठेचं माप काढू नये. स्कॉटलंडचा एरिक लिडेल याबाबतीत पाहण्यासारखा आहे. तो स्कॉटलंडकडून सात कसोटी खेळलेला रग्बीपटू, विंगवरचा. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून त्याने ती शर्यत सोडली. ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ या चित्रपटात हे त्याला प्रवासाला निघताना कळतं. प्रत्यक्षात त्याला महिनोन् महिने आधी माहीत होतं आणि त्याने चारशे मीटरची तयारी केली होती. पडद्यावर आयत्या वेळचा नकार जास्त भाव खाऊन जातो, पण नैतिकदृष्ट्या आधीच दिलेला नकार मोलाचा आहे, कारण त्यात दुसऱ्यांना अडचणीत न टाकण्याची काळजी आहे. चारशे मीटर त्याने 47.6 सेकंदांत जिंकली आणि शंभर मीटर त्याचाच सहकारी हॅरल्ड अब्राहम्सने जिंकली, म्हणून सगळं गोड झालं. रविवारच्या रिले शर्यतीही त्याने सोडल्या होत्या, हे फारसं कुणी सांगत नाही. रिलेत धावायला आणखी तिघे असतात.

संघाच्या बाबतीत श्रद्धा केव्हा डोईजड होते हे सांगायला ऑस्ट्रेलियाच्या इस्रायल फोलाऊचं प्रकरण पुरे. 2019 मध्ये समलैंगिकांसह अनेकांना नरकाची वाट दाखवणारा मजकूर त्याने इन्स्टाग्रामवर टाकला आणि रग्बी ऑस्ट्रेलियाने त्याचा करार रद्द केला. त्या निर्णयाचे कायदेशीर बरेवाईट बाजूला ठेवू. दोघेही धर्मग्रंथाचा आधार घेतात, पण जोन्सचा नियम फक्त जोन्सला बांधतो. फोलाऊचं विधान दुसऱ्यांच्या आयुष्यावर निकाल देतं. पहिल्याला सहन करणं ही संघाची गैरसोय आहे. दुसऱ्याला सहन करायला लावणं हा संघातल्याच काहींचा अपमान ठरू शकतो.

व्यावसायिक रग्बीत हा सगळा पेच अधिकच आवळला गेला. ऑगस्ट 1995 मध्ये खेळाडूंना उघडपणे पैसे देण्यावरची बंदी उठली आणि सामने टेलिव्हिजनच्या सोयीने आठवडाभर पसरले. 16 सप्टेंबर 2007 रोजी फ्रान्समधल्या विश्वचषकात सामोआ आणि टोंगा एकमेकांशी खेळले. तो रविवार होता. टोंगाच्या 1875 च्या राज्यघटनेतच रविवार पवित्र पाळण्याचं कलम आहे, आणि तरी दोन्ही देशांचे संघ मॉन्पेलियेच्या मैदानात उतरले. कुणाला दोष द्यायचं कारण नाही. छोट्या बेटांच्या संघांना वेळापत्रकावर बोलायची ताकद कधीच नव्हती. पण ज्या काळात घटनेतला रविवारही प्रक्षेपणापुढे टिकत नाही, त्या काळात एखाद्या पगारी खेळाडूने तो टिकवायचा म्हटलं तर काय होतं, हे स्कॉटलंडच्या यूअन मरीकडे पाहून कळतं. मरी प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या अगदी पुढच्या ओळीतला. 2005 मध्ये सामन्यात डोक्याला गंभीर मार लागल्यानंतर तो श्रद्धेकडे वळला आणि काही वर्षांनी त्याने रविवारी खेळणं थांबवलं. त्याचा नियम सर्वांना माहीत होता, 2010 च्या सिक्स नेशन्समध्ये फ्रान्सविरुद्धचा रविवारचा सामना त्याने सोडला होता आणि तरी पुढच्या वर्षी त्याला विश्वचषकाला नेलं गेलं. म्हणजे माझ्या दोन्ही अटी पूर्ण झाल्या होत्या. 25 सप्टेंबर 2011 च्या रविवारी वेलिंग्टनमध्ये स्कॉटलंड अर्जेंटिनाकडून 12-13 असं हरलं आणि नंतर इंग्लंडकडूनही हरून पहिल्यांदाच बाद फेरीआधी घरी परतलं. एका गुणाचा फरक कुठून आला हे कुणी दाखवू शकत नाही, आणि मरीने कुणाला फसवलं नव्हतं हेही तितकंच खरं. तरीही त्याच्या जागी स्क्रममध्ये मान घालणाऱ्याने आणि त्याच्या शेजारच्या हूकरने त्याच्या नियमाला संमती दिली होती, असं मला म्हणता येत नाही. संमती निवड समितीने दिली होती. ती त्या दोघांच्या वतीने देण्याचा अधिकार समितीला होता का, याचं उत्तर माझ्या दोन अटींमध्ये नाही.